कूपर १८ व्या वर्षी, पेज २३ व्या वर्षी: वयाची अट मुलामुलींना वेगळी का?

केरीची_आई · २७ जून २०२५

नमस्कार मंडळी. परवा रात्री एनबीएचा, म्हणजे इथल्या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून बघितला. डलास मॅव्हरिक्सने पहिलं नाव घेतलं ते ड्यूक विद्यापीठाच्या कूपर फ्लॅगचं. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात केरीला, ड्यूक इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे मुलाला घरचंच कोणी निवडलं गेल्यासारखा आनंद झाला होता. लेक मात्र गप्प होती. ती १५ वर्षांची आहे, शाळेच्या संघात गार्ड खेळते.

झोपायच्या आधी तिने मला विचारलं, "आई, एप्रिलमध्ये डलासच्याच बायकांच्या संघाने पेज बेकर्सला पहिली घेतली. ती २३ ची, हा १८ चा. शहर तेच, वर्ष तेच, नंबरही पहिलाच. मग मुलींनाच इतकं थांबायला का लावतात?" मग तिने कॉलेजात खेळणाऱ्या जुजू वॉटकिन्सचं नाव काढलं. मार्चमध्ये जुजूचा गुडघा गेला तेव्हा ही दोन दिवस नीट जेवली नव्हती.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी साताऱ्यात खो-खो खेळत मोठी झाले. आमच्याकडे खेळ संपला की अभ्यास आणि अभ्यास संपला की खेळ, एवढंच. कॉलेजच्या खेळाला वीस-वीस हजार माणसं येतात आणि तिथूनच व्यावसायिक लीगचा रस्ता जातो, हे मला इथे येऊन कळलं. खरं सांगायचं तर लेकीने चार वर्षं शिकावं असंच मला वाटतं, त्यामुळे ही अट मला आतून बरी वाटते. पण ती न्याय्य आहे का? ती केली कोणी, कॉलेजांनी? आणि त्यातून कॉलेजांचं भलं झालं की वाटोळं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा. मला तिला नीट उत्तर द्यायचंय.

डरहॅमकर · २७ जून २०२५

ताई, तुमच्या लेकीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी १९९८ पासून ड्यूकच्याच गावात, डरहॅममध्ये आहे. मूळचा नागपूरचा, कॉलेजात असताना सिमेंटच्या कोर्टावर गुडघे सोलून घेतलेला. गेली १४ वर्षं शनिवार-रविवारी इथल्या शाळकरी मुलांच्या लीगमध्ये गुणलेखकाच्या टेबलावर बसतो. १८ वर्षांच्या मुलांचं काय होतं, हे त्या टेबलावरून फार जवळून दिसतं.

आधी तुमचा दुसरा प्रश्न. अट कॉलेजांनी केलेली नाही. एनबीएचे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो सामूहिक करार होतो, त्यात २००५ साली हे कलम आलं आणि २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झालं. ड्राफ्ट ज्या वर्षी असेल त्या वर्षात मुलाला १९ वं पूर्ण व्हायला हवं, आणि मुलगा अमेरिकन असेल तर त्याच्या वर्गाचं हायस्कूल संपून एक वर्ष उलटलेलं हवं. कूपरचा वाढदिवस २१ डिसेंबरला. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर त्याला परवाच्या ड्राफ्टमध्ये येताच आलं नसतं. कॉलेजात जा, असं त्या कलमात कुठेच म्हटलेलं नाही. वर्ष कुठेही काढा. ब्रँडन जेनिंग्स २००८ मध्ये रोमला गेला, लमेलो बॉल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाला. पण बाकीच्यांना दिसायला, शिकायला, टीव्हीवर यायला कॉलेज हाच जवळचा रस्ता. त्यामुळे ज्या कागदावर कॉलेजांची सही नाही, त्याच कागदाने त्यांचं अख्खं घर बदलून टाकलं.

२००५ च्या आधी मुलं शाळेतून थेट जात होती. १९९५ मध्ये केविन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट (कोबी तेव्हा १७ चा होता, करारावर आईवडिलांनाही सही करावी लागली), २००३ मध्ये लेब्रॉन. ही रांग १९९५ नंतरच का लागली, याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. १९९४ मध्ये ग्लेन रॉबिन्सनला पहिल्याच करारात १० वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. मालक हादरले. पुढच्याच वर्षी पहिल्या फेरीतल्या नवख्यांचा पगार ठरीव तक्त्यात बसवला गेला. आता पहिला करार कितीही हुशार मुलासाठी ठरलेलाच, खरा पैसा दुसऱ्या करारात. मग जो लवकर आत शिरेल त्याचा दुसरा करार लवकर. गार्नेटने १९९७ मध्ये, २१ व्या वर्षी, ६ वर्षांचे १२ कोटी ६० लाख डॉलर घेतले. हे पाहिल्यावर कोणता १८ वर्षांचा मुलगा थांबेल? लोक मुलांना हावरट म्हणायचे, त्याचा मला आजही राग येतो. घड्याळ मोठ्यांनी लावलं होतं, मुलं त्याच्याकडे बघून धावत होती.

संघांचेही अंदाज चुकत होते. २००१ मध्ये वॉशिंग्टनने क्वामे ब्राउनला शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर घेतलं. असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि तो त्या ओझ्याखाली दबून गेला. मालकांना दुसऱ्याने एक वर्ष मुलगा पारखून द्यावा असं वाटू लागलं. कमिशनर डेव्हिड स्टर्न यांना २० ची अट हवी होती, संघटनेशी तडजोड १९ वर झाली. आणि संघटना म्हणजे कोण? आधीच लीगमध्ये असलेले खेळाडू. प्रत्येक १८ वर्षांचा मुलगा आत आला की ३४ वर्षांच्या कोणाची तरी जागा जाते. ज्याच्यावर अट बसणार तो मुलगा वाटाघाटीच्या खोलीत नव्हताच.

आता कॉलेजांबद्दल. मी फक्त ड्यूकचं सांगतो, कारण तेच डोळ्यांनी पाहिलं. २०१० मध्ये ड्यूकने कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा संघात जॉन शायर, ब्रायन झूबेक, लान्स थॉमस हे चौथ्या वर्षाचे होते. झूबेकला मी चार वर्षं पाहिलं होतं. सात फूट एक इंच उंची, पायाच्या दुखापती, तीन वर्षं बहुतेक बाकावर. शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत तो अचानक उमलला. बटलरविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटचा फ्री थ्रो त्यानेच मुद्दाम चुकवला, ६१-५९. घरात आम्ही सगळे उभे होतो. २०१५ मध्ये ड्यूक पुन्हा जिंकलं, पण तेव्हा संघाचा कणा होता पहिल्या वर्षाच्या मुलांचा. जलील ओकाफोर, टायस जोन्स, जस्टिस विन्सलो. एप्रिलमध्ये चषक आणि जूनमध्ये तिघंही ड्राफ्टमध्ये. आनंद मला तेव्हाही झाला, पण त्या मुलांची ओळख होईपर्यंत ती निघून गेली होती. मधल्या काळात कायरी अर्व्हिंग पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे ड्यूककडून जेमतेम ११ सामने खेळला आणि २०११ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. केंटकीत जॉन कॅलिपारी यांनी तर दरवर्षी नवा संघ बांधायचा, हीच रीत करून टाकली. २०१२ चं विजेतेपद त्यांनी तसंच मिळवलं.

शिक्षणाचं म्हणाल तर हे एक वर्ष म्हणजे प्रत्यक्षात एक सत्र. पहिल्या सत्रात ठरलेले क्रेडिट मिळवले की वसंतात खेळायला मोकळे. मार्चनंतर वर्गात बसायचं कारणच उरत नाही. ताई, मुलं शिकतात म्हणून तुम्हाला अट बरी वाटते, हे मी समजू शकतो. पण एका सत्राला शिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि २० फेब्रुवारी २०१९. झायन विल्यमसन, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. मी लीगच्या जिममधून येऊन नुकताच टीव्ही लावला होता. खेळ सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. त्याचा पाय वळला, बूट अक्षरशः फाटून पाय बाहेर आला आणि तो गुडघा धरून खाली बसला. बराक ओबामा पहिल्या रांगेत होते. बाहेर तिकिटं हजारो डॉलरला गेली होती, आणि ज्याच्यासाठी लोक आले होते त्याला शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही घ्यायची परवानगी नव्हती. दुखापत किरकोळ निघाली, जूनमध्ये तो पहिला निवडला गेला. पण तो गुडघा मोडला असता तर? त्या रात्री ही अट चुकीची आहे असं माझं पक्कं झालं.

आता मुलींचं. डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक लीगच्या, करारात अमेरिकन मुलीला ड्राफ्टच्या वर्षात २२ पूर्ण हवं, किंवा पदवी हवी, किंवा हायस्कूल संपून चार वर्षं हवीत. परदेशी मुलीला मात्र २०. म्हणजे १९ वर्षांची स्पॅनिश मुलगी २० पूर्ण होणार म्हणून येऊ शकते आणि कॅलिफोर्नियाची जुजू, जिने दोन वर्षं अख्ख्या देशाला वेड लावलं, तिला मार्चमध्ये लिगामेंट तुटल्यावरही २०२७ ची वाट पाहायची. थोडक्यात निसटलेल्या आहेत काही. ज्युएल लॉइड २०१५ मध्ये तिसऱ्या वर्षानंतरच गेली, कारण त्या वर्षात तिला २२ पूर्ण होत होतं.

याविरुद्ध ओरड का झाली नाही, तर पगारामुळे. यंदा बेकर्सचा पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर. फ्लॅगचा सुमारे १ कोटी ३८ लाख. लेकीला हे दोन आकडे एका कागदावर लिहून दाखवा. मुलींना लवकर बाहेर पडून मिळणार तरी काय होतं? आणि २०२१ पासून कॉलेजातल्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागल्यावर नामवंत मुलींची कमाई कॉलेजातच जास्त होऊ लागली. कॅटलिन क्लार्क आयोवात चार वर्षं राहिली, ३,९५१ गुण केले. २०२४ च्या तिच्या कॉलेजातल्या शेवटच्या सामन्याला टीव्हीवर १ कोटी ८० लाखांहून जास्त प्रेक्षक होते, मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षाही जास्त. चार वर्षं एकच चेहरा, एकच गणवेश, म्हणून लोक जोडले गेले. मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलने २००६ नंतर हेच गमावलं. म्हणजे मुलींच्या अटीतून खेळाचं भलं झालंय, हे मी मान्य करतो. त्याची किंमत मात्र जुजूसारखी एकेकटी मुलगी मोजते.

शिकागोची_वकील · २८ जून २०२५

अट ठरली त्या खोलीत मुलगा नव्हताच, हा मुद्दा डरहॅमकरांनी काढला, त्याला कायद्याची बाजू जोडते. १९७१ पर्यंत एनबीएचा नियम होता की हायस्कूल संपून चार वर्षं झाल्याशिवाय प्रवेश नाही. स्पेन्सर हेवूड मिसिसिपीच्या कापूस वेचणाऱ्या घरातला. त्याने सिएटलशी करार केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्याच्या बाजूने लागलं. तो नियम मालकांनी आपसात केलेला होता, म्हणून मक्तेदारीविरोधी कायद्यात सापडला.

मग १९ ची अट का टिकते? कारण ती संघटनेबरोबरच्या करारात आहे. २००४ मध्ये मॉरिस क्लॅरेट या कॉलेजच्या खेळाडूने अमेरिकन फुटबॉलच्या तीन वर्षांच्या अटीला आव्हान दिलं. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. तो अपिलाचा निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात नव्हत्या. सारांश असा की मालक आणि संघटनेने वाटाघाटी करून जे ठरवलं, त्यात बाहेरच्या उमेदवाराला मक्तेदारीचा कायदा लावता येत नाही. नवा कामगार कारखान्यात येण्याआधी झालेला करार त्यालाही लागू होतो, तसंच. मी कामगार कायद्यातच काम करते आणि संघटनांच्या बाजूने उभी राहते, तरी या एका जागी मला टोचतं.

नागपाडा_गार्ड · २८ जून २०२५

मी मुंबईचा, नागपाड्याच्या कोर्टावर वाढलो. माझं मत सरळ आहे, अट नकोच. बेसबॉलमध्ये मुलगा शाळेतून थेट जाऊ शकतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेलाच तर मग तीन वर्षं किंवा २१ वय. मुलाला निवड तरी मिळते.

आपल्याकडचं उदाहरण सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, १४ व्या वर्षी फ्लोरिडाला शिकायला गेला. २०१५ मध्ये डलासनेच त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. कॉलेज नाही, परदेशी लीग नाही. वय १९ पूर्ण होतं म्हणून जमलं. २००५ नंतर असा थेट शाळेतून निवडला गेलेला तो पहिलाच. कॉलेजच्या पात्रतेच्या चाळणीत इंग्रजी कच्चं असलेला खेड्यातला मुलगा अडकतो, हे विसरू नका. नंतर एनबीएने कॉलेजाऐवजी पगारावर खेळू बघणाऱ्या मुलांसाठी जी लीग इग्नाइट नावाचा संघ काढला तेव्हा पहिल्याच वर्षी त्यात आपला प्रिन्सपाल सिंग होता. तोही संघ २०२४ मध्ये बंद केला, कारण कॉलेजात आता जास्त पैसे मिळतात. गरीब घरच्या मुलासाठीचं एक दार बंद झालं.

केरीची_आई · २८ जून २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आकडे लेकीला कागदावर लिहून दाखवले. तिने तो कागद आरशाला चिकटवलाय. काही बोलली नाही.

डरहॅमकर दादा, एक विचारते. झायनच्या रात्री तुमचं मत पक्कं झालं म्हणालात. पण आता तर कॉलेजात मुलांना पैसे मिळतात. मग १९ ची अट राहिली काय, गेली काय, कोणाला फरक पडतो?

डरहॅमकर · २९ जून २०२५

पडतो ताई, पण आता दुसऱ्याच मुलाला.

झायनसारख्या मुलाचं नुकसान होतं म्हणून मी अटीच्या विरोधात होतो. २०१८ मध्ये कॉन्डोलिझा राइस यांच्या कॉलेज बास्केटबॉलवरच्या आयोगानेही अट काढा असंच सांगितलं होतं. २०२३ च्या नव्या करारात मालक आणि संघटनेने ती तशीच ठेवली. मधल्या काळात कॉलेजच बदललं. जाहिरातींचे पैसे आले, दरवर्षी कॉलेज बदलायची मोकळीक आली, आणि या महिन्यात न्यायालयाने खेळाडूंच्या दाव्यातल्या तडजोडीला मान्यता दिली म्हणून येत्या वर्षापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देणार, वर्षाला एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. झायन आज १८ चा असता तर ड्यूकमध्येच श्रीमंत झाला असता. या वर्षी ड्राफ्टसाठी मुदतीआधी नाव देणारे १०६ निघाले, २०१५ नंतरचा सर्वांत कमी आकडा. मुलं आता पळत नाहीत, थांबतात.

पण जागा किती? कॉलेजच्या संघात १५. वरून १९ ची अट हुशार मुलांना वर्षभर कॉलेजात ढकलते, आणि पैसा २३-२४ वर्षांच्यांना कॉलेजात धरून ठेवतो. या दोघांच्या मध्ये साधा चांगला मुलगा चेपला जातो.

आमच्या लीगमधला एक मुलगा सांगतो, नाव घेत नाही. नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला, स्वतःचे फाउल किती झाले विचारायला. आई वृद्धाश्रमात रात्रपाळीला. सहा फूट चार इंच झाला, डावा हात उत्तम, शाळेतल्या शेवटच्या वर्षी सरासरी १८ गुण. दहा वर्षांपूर्वी त्याला मधल्या फळीतल्या कॉलेजाने चार वर्षांची शिष्यवृत्ती डोळे मिटून दिली असती. एका प्रशिक्षकाने तोंडी शब्दही दिला होता. मे महिन्यात त्याच जागेवर दुसऱ्या कॉलेजातून आलेला २३ वर्षांचा गार्ड घेतला. प्रशिक्षकाचा फोन आला तेव्हा मुलगा जिममध्ये लहान मुलांना लेअप शिकवत होता. बाहेर जाऊन बोलला, परत आला आणि उरलेली वीस मिनिटं त्याने शिकवणी पूर्ण केली. आता तो दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातोय, ऑगस्टमध्ये.

म्हणून माझं म्हणणं थोडं बदललंय. १९ ची अट काढा, हे कायम. दरवर्षी दहा-बारा मुलं थेट गेली तर तेवढ्या जागा खालच्या मुलांना सुटतील. झायनसाठी म्हणायचो, आता या मुलासाठी म्हणतो. पण त्याही आधी २२ ची अट १९ वर आणा. मुलींचे पगार कमी आहेत हे मुलींना थांबवायचं कारण होऊ शकत नाही. परदेशी मुलगी २० व्या वर्षी तयार असते, तर डरहॅमची का नसेल? बहुतेक मुली कॉलेजातच राहतील, क्लार्कसारख्या राहतील, कारण तिथे त्यांना पैसा आणि प्रेक्षक दोन्ही आहेत. पण गुडघा गेलेल्या मुलीला तरी आपलं आपण ठरवता यावं.

तुमच्या लेकीला सांगा, तिच्यासाठीचा हिशोब असा: आज १५ ची, म्हणजे आजच्या नियमाने २०३१ किंवा २०३२ चा ड्राफ्ट. त्याआधी डब्ल्यूएनबीएचा करार नव्याने लिहिला जाणार आहे, वाटाघाटी चालू आहेत. आणि येत्या शनिवारी सकाळी नऊला आमच्या जिममध्ये मुलींचा सराव आहे. तो डावखुरा मुलगा ऑगस्टपर्यंत तिथे शिकवतोय. तिला घेऊन या, चेंडू आहेत.

केरीची_आई · २९ जून २०२५

येतो आम्ही. तिने विचारलंय, पत्ता निरोपात पाठवाल का, आणि नऊच्या आधी जिम उघडी असते का.